जुन्या नेक्सॉनला ७.२ किलोवॉटचा स्मार्ट चार्जर? आधी वायरिंगचं बघा

तुमची सेकंडहँड नेक्सॉन ईव्ही २०२१ची, ३०.२ किलोवॉट-अवर बॅटरीची. पुण्यात सोसायटीत स्टिल्ट पार्किंग, मीटर रूम दुसऱ्या टोकाला, आणि डीलर ७.२ किलोवॉटचा वाय-फायवाला वॉलबॉक्स गळ्यात मारतोय. तो घ्यावा का, हा तुमचा प्रश्न. माझं मत विचाराल तर या गाडीसाठी तो नको, गाडीसोबतची पोर्टेबल केबल आणि नीट वायरिंग पुरतं.

भिंतीवरचा डबा मुळात चार्जर नसतोच. घरात येणाऱ्या एसी विजेचं बॅटरीला लागणाऱ्या डीसीत रूपांतर करणारा खरा चार्जर गाडीत बसवलेला असतो. डबा गाडीला फक्त ‘एवढे अँपिअर घेता येतील’ असं कळवतो आणि सगळं सुरक्षित असेल तर वीज सोडतो. तुमच्या गाडीतला ऑनबोर्ड चार्जर ३.३ किलोवॉटचा आहे. बाहेर ७.२ लावा नाहीतर २२, ती ३.३च खेचणार. रात्रीच्या आठ तासांत त्यातून दीडशेएक किलोमीटरची बेगमी होते. रोजच्या हिंजवडी-कोथरूडला तेवढं रग्गड.

दुसरं कुणी २०२२ची नेक्सॉन ईव्ही मॅक्स बघत असेल, तर तिच्यात ३.३ आणि ७.२ असे दोन्ही पर्याय होते आणि बाहेरून फरक कळत नाही. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. टेस्ट ड्राइव्हमध्येच एखाद्या सार्वजनिक ७ किलोवॉटच्या एसी पॉइंटला गाडी लावा आणि किती किलोवॉट जातायत ते पाहा. बॅटरी जवळजवळ भरलेली नको, नाहीतर आकडा तसाही कमी दिसेल.

डब्यातले वाचलेले पैसे वायरिंगवर घाला. ‘एअर कंडिशनरच्या पॉइंटवर चालून जाईल’ म्हणणारा इलेक्ट्रिशियन प्रत्येक सोसायटीत एक तरी असतोच. घरातला एसी थांबत थांबत चालतो. गाडी मात्र १४-१५ अँपिअर सलग तासन्तास ओढते. स्वस्तातलं सॉकेट त्यात तापून पिवळं पडतं. म्हणून पार्किंगपर्यंत वेगळी तांब्याची केबल, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची टाइप ए आरसीसीबी (वीज गळाली की लगेच तोडणारी), इंडस्ट्रियल सॉकेट आणि नीट अर्थिंग एवढं हवंच. तुमचं अंतर लांब, त्यामुळे केबल ६ चौरस मिलिमीटरचीच टाका. व्होल्टेज कमी पडणार नाही आणि पुढे ७.२ची गाडी आली तरी बहुधा तीच केबल कामाला येईल. वीजबिलावरचा मंजूर भारही (एकावेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा) बघून घ्या.

आता मीटर. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर साधारण दीडशे युनिट वाढतील. घरच्याच मीटरवर घेतलंत तर ती वाढ तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसते. घरचा वापर तीनशेच्या आसपास असेल तर बिल बघून धक्का बसेल. महावितरणकडे ईव्हीसाठी वेगळी जोडणी मागता येते. २०२४च्या केंद्रीय नियमदुरुस्तीनंतर ग्राहकाने मागितल्यावर ती द्यावीच लागते. वापर कमी असेल तर स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा लागणारा) धरून दोन्हींचा हिशेब मांडा, दरवेळी वेगळा मीटर परवडतोच असं नाही.

मग ‘स्मार्ट’ कशासाठी? माझ्या दृष्टीने तीनच गोष्टींसाठी पैसे मोजावेत. पहिली, वेळ ठरवणं. रात्रीची वीज स्वस्त हे सगळ्यांनी गृहीत धरलंय, पण टाइम-ऑफ-डे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दरांचा कल आता दुपारच्या सौर तासांकडे झुकतोय. चालू दरपत्रक बघूनच वेळ लावा. दुसरी, लोड बॅलन्सिंग: गीझर, एसी आणि गाडी एकाच मीटरवर असतील तर डबा आपोआप प्रवाह कमी करतो. तिसरी, युनिटची नोंद. सोसायटीच्या कॉमन मीटरवरून वीज घेत असाल तर ती हवीच, नाहीतर दर सर्वसाधारण सभेत तुमचाच विषय. अर्थात त्यासाठी साधा सब-मीटरही पुरतो. रंगीत दिवे, गाडी भरली की वाजणारी नोटिफिकेशन वगैरे सोडून द्या.

तरीही घ्यायचाच असेल तर ओसीपीपी (चार्जर आणि सॉफ्टवेअर यांच्यातली सगळ्या कंपन्यांसाठी खुली भाषा) चालणारा घ्या, म्हणजे कंपनीने ॲप बंद केलं तर दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडता येईल. पार्किंगमध्ये घरचं वाय-फाय पोचत नाही, तेव्हा ब्लूटूथ किंवा सिम हवं, आणि नेट गेलं तरी ठरलेल्या वेळी चार्जिंग सुरू व्हायला हवं. हे दुकानात विचारू नका, त्यांच्यासमोर राउटर बंद करून बघा.

आणि जुन्या मालकाकडून गाडीसोबत आलेली पोर्टेबल केबल मागून घ्या. तिच्या पिना काळवंडलेल्या आहेत का, गाडीच्या पोर्टचं लॉक नीट बसतं का हे पाहा. तो स्वतःचा वॉलबॉक्सही देत असेल, तर पैसे देण्याआधी त्याच्या ॲपमधून तो काढायला लावा. नाहीतर तुमची गाडी कधी चार्ज होणार हे त्याच्या फोनवरून ठरेल.