लाइम आजारानंतर ड जीवनसत्त्व कमी येतं, ते जंतूमुळेच का?

तुम्ही विचारलंय: तुमची बहीण अमेरिकेत कनेटिकटला राहते, गोचिडीच्या चाव्यातून लाइम हा जंतुसंसर्ग झाला, उपचारांना वर्ष होऊनही थकवा जात नाही आणि रक्तात ड जीवनसत्त्व १४ (नॅनोग्रॅम प्रति मिलीलीटर) आलं. हे लाइमच्या जंतूमुळेच असेल, असं लगेच धरू नका.

तिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयारच होत नाही. त्यात सावळ्या त्वचेला ऊन जास्त लागतं. लाइमवर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात, त्याने त्वचा उन्हात पटकन भाजते, म्हणून त्या काळात रुग्ण ऊन टाळतात. शिवाय आजारी माणूस घरातच पडून असतो. शरीरातल्या दाहामुळेही हा आकडा थोडा खाली येतो.

‘ड जीवनसत्त्व घेतलं तर जंतू बळावतात’ असं काही जण सांगतात. त्याला भक्कम पुरावा नाही. कृपा करून त्या भीतीने गोळ्या थांबवू नका. २० नॅनोग्रॅमच्या खाली आकडा असेल तर सहसा कमतरता मानतात, आणि अंगदुखी, अशक्तपणा तिच्यामुळेही येतो. मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या, सोबत कॅल्शियम तपासा, साधारण तीन महिन्यांनी पुन्हा रक्त द्या. आकडा सुधारूनही थकवा राहिला तर थायरॉइड, बी१२ आणि हिमोग्लोबिन बघायला सांगा.