थर्मल कॅमेरा असताना पेशीच्या आतलं तापमान मोजायला चमकणारे डाय (रंगद्रव्यं) कशाला लागतात?

कारण थर्मल कॅमेऱ्याला तेवढं बारीक दिसतच नाही. रूम टेंपरेचरच्या वस्तूतून जो इन्फ्रारेड बाहेर पडतो त्याची वेव्हलेंग्थ साधारण १० मायक्रॉन, म्हणजे जवळपास त्याच साइजची पेशी असेल तर आख्खी पेशी एक ठिपका दिसणार, आणि वर पाणी तो इन्फ्रारेड गिळून टाकतं ते वेगळंच.

म्हणून मग व्हिजिबल लाइट वापरतात. रोडामाइन बी नावाचा डाय आहे, तापला की त्याची चमक कमी होते, दर डिग्रीला अंदाजे २ टक्के. फोटो काढायचा, प्रत्येक पिक्सेलची ब्राइटनेस बघायची, आधी केलेल्या कॅलिब्रेशनवरून तापमान काढायचं. ऐकायला सोपंय, पण डाय एका जागी जास्त साठला किंवा चमकवणाऱ्या लेझरनेच ब्लीच झाला (म्हणजे त्याची चमक कायमची गेली) तरी ब्राइटनेस बदलतेच की, आणि तुम्ही ते तापमान समजून बसता. त्यामुळे नुसत्या ब्राइटनेसवर मी तरी भरवसा ठेवणार नाही. एकतर तापमानाने फारसा न बदलणारा दुसरा डाय सोबत घालून रेशो काढा, नाहीतर फ्लुरोसन्स लाइफटाइम मोजा, म्हणजे चमक किती नॅनोसेकंदात विझते ते, त्यावर डायच्या प्रमाणाचा सहसा फरक पडत नाही (आजूबाजूच्या केमिस्ट्रीचा मात्र पडू शकतो).

नॅनोडायमंड, म्हणजे हिऱ्याचे अतिसूक्ष्म कणही वापरतात. त्यातल्या नायट्रोजन-व्हेकन्सी सेंटरची (कार्बनच्या जागी आलेला नायट्रोजन आणि शेजारची रिकामी जागा, ही जोडी चमकते) २.८७ गिगाहर्ट्झची रेझोनन्स, म्हणजे ज्या मायक्रोवेव्ह फ्रिक्वेन्सीला तिची चमक कमी होते ती, दर डिग्रीला सुमारे ७४ किलोहर्ट्झने खाली सरकते. डायपेक्षा टिकाऊ, फक्त मायक्रोवेव्हचा सेटअप लागतो.