पहिली गाडी पुन्हा किकवर आणताना

गेल्या अंकात आम्ही वाचकांना त्यांच्या पहिल्या मोटरसायकलची आठवण लिहायला सांगितली होती. पत्रं भरभरून आली आणि बहुतेकांनी आठवणीच्या शेपटाला एक प्रश्न जोडलाय: गाडी अजून आहे, तिचं काय करू? म्हणून या वेळचं सदर त्या प्रश्नांना. आठवणी पुढच्या अंकात छापू.

माझी पहिली गाडी १९९१ सालची यामाहा आरएक्स १००. चाळीच्या जिन्याखाली बारा वर्षं झाकून उभी आहे. तिच्या धुराचा वास अजून नाकात आहे. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, नवं पेट्रोल टाकू, प्लग बदलू आणि किक मारून बघू. मारावी का? (गिरगाव)

अजिबात मारू नका. इतकी वर्षं उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोकचं खरं नुकसान बऱ्याचदा त्या पहिल्या उत्साही किकनेच होतं.

कारण असं. फोर-स्ट्रोक गाडीत क्रँकखाली (क्रँक म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणारा दांडा) तेल साठलेलं असतं. आरएक्समध्ये क्रँकच्या बेअरिंगना आणि सिलेंडरला तेल मिळतं ते फक्त पेट्रोलबरोबर आत जाणाऱ्या टू-टी ऑइलचं. गाडी उभी राहिली की तो पातळ थर ओघळून जातो. मग गिरगावसारख्या ठिकाणी समुद्राची खारी, दमट हवा सायलेन्सरमधून आत शिरते आणि बोअरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीवर, आणि पिस्टनच्या रिंगांवर गंज धरतो. अशा कोरड्या रिंगा गंजलेल्या बोअरवर जोरात घासल्या की बोअरवर उभे ओरखडे पडतात. जे काम कदाचित नुसत्या रिंगांवर भागलं असतं, ते रीबोअर (बोअर कापून मोठं करणं) आणि नव्या पिस्टनवर जातं.

म्हणून आधी प्लग काढा आणि भोकातून टॉर्च मारून बघा. पिस्टनच्या डोक्यावर काळा, कोरडा कार्बन दिसला तर चिंता नाही. बोअरच्या भिंतीवर नारिंगी पट्टा दिसला तर तिथेच थांबा आणि हेड-सिलेंडर उतरवून घ्या. भिंत स्वच्छ असेल तर भोकातून साधारण ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, टू-टी ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, प्लग बाहेरच ठेवा, चौथा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने सावकाश पुढे फिरवा. चौथ्या गिअरमध्ये हाताचा जोर पुरतो आणि इंजिन कुठे अडतंय ते बोटांना कळतं. अडलं तर चाक थोडं मागे, थोडं पुढे करा, पुन्हा तेल सोडा, आणखी एक रात्र थांबा. जोर लावायचा नाही.

इंजिन मोकळं फिरतंय म्हटल्यावर टाकीकडे वळा. जुन्या पेट्रोलला वार्निशसारखा आंबूस वास येतो. ते सगळं काढून टाका. आत गंजाचे पापुद्रे असतील तर पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करा, आत मूठभर छोटे नट टाका, पांढरं व्हिनेगर भरा आणि दिवसभरात मधूनमधून हलवत राहा. नंतर नट मोजून बाहेर काढा (एखादा आत राहिला तर जन्मभर खुळखुळत राहतो). लिटरभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून टाकी धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच आत थोडं टू-टी ऑइल फिरवा. ही शेवटची पायरी गाळलीत तर पावसाळी हवेत तासाभरातच आत पुन्हा तांबूस थर दिसू लागतो.

कार्बोरेटरमध्ये सर्वांत आधी बंद होतो तो छोटा पायलट जेट, म्हणजे कमी रेसला पेट्रोल देणारं बारीक भोक. गाडी चोकवर सुरू होते आणि चोक काढला की मरते, त्यामागे बहुधा हाच असतो. जेटमध्ये कडक तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर स्प्रे आणि हवा पुरेशी आहे. अडूनच बसलं तर वायरमधला तांब्याचा एक केस वापरा. हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलकेच आत बसवून किती आटे फिरला ते मोजा आणि कागदावर लिहून ठेवा.

आता ज्याकडे बहुतेक गॅरेजं काणाडोळा करतात ते: क्रँकची ऑइल सील, म्हणजे त्याच्या दोन टोकांना हवा आणि तेल अडवणारी रबरी कडी. बारा वर्षांत रबर कडक होतं. डावीकडचं, मॅग्नेटोच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं की तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, रेस सोडली तरी इंजिन खाली येत नाही आणि एके दिवशी पिस्टन जाम होतो. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअर ऑइल पिऊ लागतं. पांढरट धूर थांबत नाही आणि गिअर ऑइल कमी होत जातं. डावं सील मॅग्नेटो काढून बदलता येतं, त्यासाठी पुलर (ओढून काढायचं अवजार) लागतो. हातोडीने मॅग्नेटो काढणाऱ्याकडे गाडी देऊ नका. गिअर ऑइल बदलायचंच आहे, सुमारे ६५० मिली लागतं.

राहिला टू-टी ऑइल इंजिनात सोडणारा ऑइल पंप. पाइपात हवा भरलेली असते, त्यामुळे पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या. शिवाय पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये लिटरमागे २० मिली टू-टी ऑइल वेगळं मिसळा. पंप चालू झाला नाही तरी पिस्टन वाचेल.

मग किक. या गाडीला सुरू व्हायला बॅटरी लागत नाही, ठिणगी पाडणाऱ्या सीडीआय डब्याला वीज मॅग्नेटोकडून मिळते. पहिली दहा मिनिटं जिना धुराने भरेल, कारण सायलेन्सरमध्ये साठलेलं जुनं तेल जळत असतं. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर गाडी चौकात ढकलत न्या. मात्र रेस न देता इंजिन आपोआप चढत गेलं तर चावी बंद करा, आणि चौथा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडा म्हणजे ते बंद पडेल.

आणि तो वास. टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येताना एक्झॉस्टचं दार अजून उघडंच असतं. थोडं पेट्रोल आणि तेल न जळता तसंच बाहेर जातं. तुमच्या नाकात बसलाय तो हा वास.

बुलेट ३५० ही माझी पहिली गाडी, उजव्या पायाच्या गिअरची. किक उलटी बसून घोटा सुजला होता, तेव्हापासून भीती बसलीय. आता मुलाला शिकवायची आहे. (मुलुंड)

उलटी किक दोन कारणांनी बसते: अर्धवट जोर, किंवा ठिणगी फार लवकर पडणं. पहिल्याचा इलाज पद्धतीत आहे.

हेडलाइट बंद ठेवा आणि चावी चालू करा. किक पायाने सावकाश दाबा आणि अँपिअर मीटरचा काटा बघा. पॉइंट (ठिणगीसाठी उघड-मीट होणारे संपर्क) मिटलेले असताना कॉइलमधून वीज जात असते, काटा वजाकडे झुकतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर येतो. कॉम्प्रेशनमुळे किक घट्ट लागली की डाव्या हाताची डिकॉम्प्रेसरची (आतला दाब सोडणारी) कांडी दाबा आणि काटा मध्यावर आल्यावर पिस्टन आणखी किंचित सरकवा. आता पिस्टन कॉम्प्रेशनचा माथा नुकताच ओलांडून गेलाय. कांडी सोडा, किक पूर्ण वर येऊ द्या आणि अंगाचं सगळं वजन टाकून शेवटपर्यंत दाबा. मध्ये कचरायचं नाही. पायात बूट हवा. चपलेवर बुलेटला किक मारू देऊ नका, मुलाला तर नाहीच. आणि काटा वजाकडे असताना चावी चालू ठेवून गप्पा मारत उभे राहू नका, कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

एवढं करूनही किक उलटी येत असेल तर पॉइंटचं झाकण काढा. गॅप फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.३५ ते ०.४० मिमी असायला हवी. मग टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, तपासा: पिस्टन माथ्याच्या ०.८ मिमी अलीकडे असताना पॉइंट उघडायला हवेत. आतली अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं गंजून पुढच्या स्थितीतच अडकली असतील तर ठिणगी कायम लवकर पडते. ती रॉकेलने धुवा, एक थेंब तेल द्या, स्प्रिंगा ढिल्या असतील तर बदला.

मुलाला आणखी एक शिकवा. त्याचा पाय आधुनिक गाडीवर तयार झालाय. या गाडीत गिअर उजवीकडे, ब्रेक डावीकडे, पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खाली. घाबरल्यावर उजवा पाय दाबला तर ब्रेक लागत नाही, गिअर पडतो. रिकाम्या मैदानात पहाटे चार-पाच दिवस नुसतं थांबण्याचा सराव करून घ्या. हिंदमाताच्या गजबजलेल्या सिग्नलवर हे शिकायचं नसतं.

माझी पहिली गाडी येझदी. किकचीच कांडी गिअरची होती, ती जादू कशी? आणि तेल किती घालायचं? (दादर)

कांडी इंजिनाकडे आत दाबली की ती गिअरच्या दांड्यातून सुटते. मग वर फिरवली की किक. किक मारून झाल्यावर खाली आणली की पुन्हा गिअर. शिवाय गिअर बदलताना ती आतून क्लचही उचलते. किक घसरत असेल तर कांडीचे दाते झिजले आहेत, वेल्डिंग करून घेऊ नका, कांडी बदला. जुने भाग चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सापडतात, पण सोबत जुना भाग नेऊन दाते जुळवूनच घ्या. तेलाची वेगळी टाकी नाही, म्हणून ५ लिटर पेट्रोलला २०० मिली टू-टी, आणि तेही आधी बाटलीत लिटरभर पेट्रोलमध्ये हलवून मगच टाकीत.

आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीला चालेल का? (चेंबूर)

चालेल, पण गाडी तशी तयार करावी लागते. इथेनॉल जुनं रबर फुगवतं किंवा कडक करतं, म्हणून पेट्रोलचा पाइप, कॉकचे वॉशर आणि कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई आधीच बदला. टाकीचा तळ एम-सीलने किंवा लेप लावून दुरुस्त केला असेल तर तो लेप सुटून जेटमध्ये जाऊ शकतो. वर्षानुवर्षांचा चिकट मळही इथेनॉलने सुटतो, त्यामुळे पहिली टाकी संपली की फिल्टर उघडून साफ करा.

मुंबईत मोठा धोका पाण्याचा आहे. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. अर्धी टाकी भरून गाडी पूर्ण पावसाळा उभी ठेवलीत तर पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि कॉक नेमका तिथूनच ओढतो. दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा. त्याहून जास्त असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडं हलकं पडतं. प्लग तपकिरीऐवजी पांढरा दिसू लागला तर कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली बसवा. सुई वर येते, पेट्रोल वाढतं.

हिरो होंडा सीडी १०० गेल्या पावसात सीटपर्यंत पाण्यात होती. (कुर्ला)

डिपस्टिक काढून तेल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे. किक न मारता प्लग काढा, तेल सोडा, एअर फिल्टर बदला, कार्बोरेटरचा खालचा स्क्रू उघडून पाणी काढा, सायलेन्सर उतरवून ओता. नवं तेल भरा. डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची. पाच मिनिटं इंजिन चालवून तेही तेल फेका आणि पुन्हा नवं भरा. एकदाच बदलून भागवू नका, कोपऱ्यात राहिलेलं पाणी दुसऱ्या वेळी निघतं. दोन्ही चाकं उतरवून ब्रेक शू आणि बेअरिंग साफ करा. पुराचं पाणी सुकतं, त्यातला गाळ आतच राहतो.

गाडी बाबांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. आरसीची मुदत संपली आहे. (बोरिवली)

दोन कामं आहेत. वारसाच्या नावे करण्यासाठी फॉर्म ३१, हे मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचं असतं, उशीर झाला असेल तर दंडासह. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणासाठी फॉर्म २५, ते पाच वर्षांसाठी मिळतं आणि गाडीची तपासणी होते. तुम्हाला बोरिवलीचं कार्यालय, म्हणजे एमएच ४७. मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमती, किमान थर्ड पार्टी विमा, पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) आणि पर्यावरण कराची पावती जवळ ठेवा. २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेटही लागते.

पीयूसीला जाण्याआधी दहा मिनिटं गाडी चालवून गरम करा. मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतो. थंड इंजिन, तुंबलेला एअर फिल्टर आणि अंदाजाने ओतलेलं जास्तीचं तेल, नापास होण्याची कारणं बहुधा हीच.

आणि रंगकामाला देण्याआधी, कृपा करून, चॅसिस नंबर जपा. तपासणीत त्याचा पेन्सिलने कागदावर ठसा घेतात. हँडलच्या मानेवरचे ते आकडे रंगाऱ्याने ग्राइंडरने घासले किंवा पुट्टीखाली गाडले, तर बाबांचीच गाडी असूनही ती सिद्ध करताना तुमची दमछाक होईल. रॉकेल आणि जुना टूथब्रश घ्या, आकडे स्वच्छ करा, फोटो काढा, त्यावर चिकटपट्टी लावा आणि मगच गाडी रंगाऱ्याकडे पाठवा.