टेपच्या मागे मागे जा

प्रिय मुली,

तुझं टिपण काल रात्री वाचलं. झी टीव्हीचा इतिहास लिहायला घेतलास याचा फार आनंद झाला. मालिकांवर सगळेच बोलतात, पण त्या दाखवणारी कंपनी कशी उभी राहिली हे शोधायला फारसं कुणी बसत नाही.

पण पहिली पाच पानं झीचे संस्थापक सुभाष चंद्र यांच्या एकट्यावरच गेली आहेत. हिसारचा धान्याचा व्यापार, टूथपेस्टच्या नळ्या बनवणारी एस्सेल पॅकेजिंग, गोराईचं एस्सेलवर्ल्ड आणि मग वाहिनी. धाडस खरंच होतं, ते लिहायलाच हवं. तरी थोडा वेळ मालकाला बाजूला ठेव आणि टेपच्या मागे मागे जा.

झी सुरू झाली 2 ऑक्टोबर 1992 ला. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 चं, म्हणजे बरोबर वीस वर्षांनी. तेव्हा खासगी कंपनीला भारताच्या भूमीवरून उपग्रहाकडे कार्यक्रम पाठवता येत नव्हता. म्हणून इथे तयार झालेला कार्यक्रम टेपवर भरून हाँगकाँगला जायचा, तिथून एशियासॅट-1 वर चढायचा आणि आपल्याच गच्चीवरच्या डिशमध्ये उतरायचा. ही वाट नीट समजून घे, बाकीचं बरंच त्यातून उलगडतं. टेप विमानानं जाणार म्हटल्यावर आजची बातमी आज दाखवणं कठीण. ‘अंताक्षरी’, ‘तारा’, पुढे 1995 मध्ये ‘सा रे ग म’ हे सगळे आधी भरून ठेवता येणारे कार्यक्रम होते. त्यांच्या यशात या वाटेचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट केबलवाल्याची. तुझ्या टिपणात तो एका ओळीत उरकलाय, त्याचं मला वाईट वाटलं. तेव्हा मी एडिटिंगच्या टेबलावर उमेदवारी करत होतो. आमच्या चाळीत एका मुलानं गच्चीवर डिश लावली आणि कठड्यावरून, पिंपळाच्या फांदीवरून काळी वायर घराघरांत नेली. पहिल्या तारखेला तो वहीत टिकमार्क करत पैसे गोळा करायचा. केबलचा कायदा 1995 चा, त्याआधी देशभर अशाच मुलांनी जाळं विणलं होतं. वाहिनीला प्रेक्षक मिळाले ते या वायरीतून, आणि प्रेक्षक दिसले म्हणून जाहिरातदार आले. सरकारी पैसा नसलेल्या कंपनीला दुसरा आधार कुठला होता?

परदेशी माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांचं प्रकरण तू छान लिहिलंयस. 1993 साली त्यांनी हाँगकाँगच्या स्टार या उपग्रहवाहिन्यांच्या कंपनीतला मोठा हिस्सा घेतला आणि झीच्या प्रसारण कंपनीतही जवळपास निम्मी भागीदारी मिळवली. ज्या स्टारच्या आधारानं झी आकाशात गेली, तिचाच नवा मालक झीचा भागीदार आणि तोच स्पर्धक! हे नातं 1999 मध्ये सुटलं. पुढच्याच वर्षी, जुलै 2000 मध्ये, स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ आलं आणि झी मागे पडली. ही घसरण झाकू नकोस. कंपनी पडते तेव्हाच तिचा पाया कशावर होता ते दिसतं.

1999 च्याच 15 ऑगस्टला अल्फा टीव्ही मराठी सुरू झाली, तीच पुढे झी मराठी. तिला तू परिशिष्टात टाकलंयस. तिथून उचल आणि मध्यात आण. हिंदीतल्या लढाईच्या ऐन धामधुमीत ‘आभाळमाया’ मालिकेतली सुधा जोशी आपल्या घरात आली. नोकरी करणारी, विचार करणारी, आपल्याच बोलीत भांडणारी बाई. माझी आई त्या वेळेला फोनसुद्धा उचलायची नाही. अशा संध्याकाळी कुठल्या ताळेबंदात येत नाहीत, त्या लोकांकडूनच गोळा कराव्या लागतील.

तेव्हा या रविवारी ग्रंथालय राहू दे. तुमच्या गल्लीतला जुना केबलवाला अजून असेल तर त्याच्याकडे जा आणि त्याची पहिली वही जपून ठेवलीय का, ते विचार. असेल तर मला लगेच फोन कर, मीही येतो.

तुझा,
काका