खापरं धुतलीत?

प्रश्न : आमच्या भाटात माडासाठी आळं खणताना दोन-अडीच हातांवर लाल खापरं आणि एक जाड वीट लागली. खापरं धुऊन पडवीत ठेवलीत. भाऊ म्हणतो, गप्प बुजव, सरकार जमीन नेईल. गोव्यात अशांवर काम होतं का?
— एक वाचक, केपे

उत्तर : होतं की! चांदर गावात 1929 साली इतिहास संशोधक फादर हेरास यांनी खणून देवळाचा पाया शोधला, तिथला बिनडोक्याचा नंदी अजून आहे. मुक्तीनंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आलं. उसगाळीमळची कातळचित्रं 1993 मध्ये अभ्यासकांपुढे आली.

पण तुमचं ‘धुऊन’ वाचलं आणि पोटात कालवलं. कॉलेजात असताना मीही चांदरच्या शेतातला एक तुकडा उचलून काथ्यानं घासला होता. सरांनी विचारलं, ‘‘कुठल्या कोपऱ्यातला? किती खोल?’’ मी नुसता पाहत राहिलो. घासून माती गेली, जागाही हरवली. तुकडा आजही कपाटात आहे. कशाचा ते कुणी सांगू शकत नाही.

जागा किती मोलाची, ते जुन्या गोव्यात बघा. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 साली इराणात शिराजमध्ये मारली गेली. ऑगस्टीनियन पंथाच्या पाद्र्यांनी तिच्या काही अस्थी इथे आणल्या. मठाच्या सभागृहात, दुसऱ्या खिडकीतल्या दगडी पेटीत ठेवल्या, असं जुन्या पोर्तुगीज कागदांत होतं. 1842 मध्ये चर्चचं छत कोसळलं आणि पुढे सगळाच परिसर ढिगाऱ्याखाली गेला. तो उपसून आधी खिडकी नक्की करावी लागली, तेव्हा कुठे 2004 मध्ये हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला, तर भारतात न आढळणारा, पण जॉर्जियात सापडणारा मातृवंश (आईकडून चालत येणारी वंशखूण) निघाला. डीएनएनं मुलूख सांगितला, नाव मात्र त्या खिडकीनं. 2021 मध्ये अस्थींचा एक भाग जॉर्जियाला दिला.

भावाला सांगा, खापरं सापडली म्हणून कुणी जमीन नेत नाही. जागा राष्ट्रीय संरक्षित करायची तर आधी अधिसूचना काढून दोन महिने हरकतींना द्यावे लागतात. झालीच संरक्षित, तर शंभर मीटरांत नवं बांधकाम बंद, हेही खरं; ते लपवून काय करू?

आता खणणं थांबवा. वीट जागेवर असेल तर हलवू नका, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. खापरं एका पिशवीत घाला, आत चिठ्ठी : कुठलं आळं, किती खोल, कुठली तारीख. मग पणजीच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि माड? दहा हात पलीकडे लावा.