रिपोर्टात नाक मोकळं, मग श्वास का कोंडतो?

दादा, तुमची कराडहून लिहिलेली पोस्ट वाचली. सायनसचं ऑपरेशन झालंय, तपासणीत हवा नीट जातेय, तरी रात्री नाक बंद. सेम माझीच केस. मी डॉक्टर नाही, सांगलीत हळदीच्या अडतीवर बसणारा माणूस. शेवटचा शब्द तुमच्या ईएनटीचा.

पण 'मनाचे खेळ' म्हणून कुणी वाटेला लावत असेल तर ऐकू नका. रायनोमॅनोमेट्री या नाकाच्या तपासणीत तोंडावर मास्क लावून एका नाकपुडीला नळी चिकटवतात. त्यात हवेला होणारा अडथळा मोजला जातो. आपल्याला मोकळं वाटतं ते मात्र आत जाणाऱ्या हवेनं अस्तर गार होतं म्हणून. बाम हुंगला की कसं लगेच बरं वाटतं? मेंथॉलनं रस्ता काही रुंद होत नाही, नुसती गारव्याची जाणीव जागी होते. याचं उलटंही होतं: रस्ता मोकळा, पण गारवा जाणवत नाही, म्हणून नाक बंद वाटतं. त्यातून नाकपुड्या काही तासांनी आळीपाळीनं फुगतात-उतरतात. मोजणार सकाळी, त्रास रात्री!

मला खरा मनस्ताप दिला तो विम्याच्या ऑफिसनं (नाव घेत नाही). ऑपरेशननंतरच्या एंडोस्कोपीचं (दुर्बिणीनं नाक आतून बघण्याचं) आणि खपल्या काढण्याचं बिल टाकलं, तर खिडकीवरचा पोरगा हवेच्या तपासणीच्या आलेखावर बोट ठेवून म्हणतो, "काका, इथं नॉर्मल लिहिलंय, मग तुम्हाला होतंय काय?" त्याच फाइलीत पुढच्या पानावर खपल्यांचे रंगीत फोटो. पान उलटायचे कष्ट कोण घेणार! सगळा खर्च खिशातून. हप्ता मात्र वेळेवर कापतात.

म्हणून सांगतो, डॉक्टरांकडून स्नॉट-२२ ही नाक-सायनसच्या त्रासाची प्रश्नावली भरून घ्या. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ५, म्हणजे जास्तीत जास्त ११०. आकडा केसपेपरवर तारखेसह लिहायला लावा, दर खेपेला. माझ्या मते ऑपरेशनआधीच हे सक्तीचं हवं. अशा खिडक्यांना आकड्याशिवाय काही कळत नाही.

आणखी एक, 'आतलं मांस अजून थोडं कापू' असं कुणी म्हणालं तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या आतले मांसल उंचवटे, जास्त कापलं गेलं तर काहींचं नाक आतून ऐसपैस होतं आणि तरी जीव गुदमरतो. सगळ्यांचं होतं असं नाही, पण कापलेलं परत येत नाही. नाक धुताय ते पाणी उकळून गार केलेलं घ्या, नळाचं नको. नाक उघडणारे थेंब आठवडाभराच्या वर स्वतःच्या मनानं ओढू नका, नाक उलट जास्त बंद होतं.

ऑपरेशननंतर एंडोस्कोपी झालीय का तुमची? खपल्या दिसल्या का, ते लिहा.