सांधे आखडलेले, मग क्षयाची तपासणी कशाला?

प्रश्न : माझी आई ५८ वर्षांची असून, अनेक वर्षे ती बेदाणा निवडण्याच्या कामाला जात असे. आमवातामुळे आता सकाळी तासभर तिची मूठही वळत नाही. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्यांनी पुरेसा गुण न आल्याने डॉक्टरांनी अडालिमुमॅबचे इंजेक्शन सुचवले आहे. मात्र त्याआधी क्षयरोगाच्या तपासण्या करायला सांगितल्या आहेत. तिला साधा खोकलाही नाही. मग या तपासण्या कशासाठी?
— एक वाचक, तासगाव (जि. सांगली)

उत्तर : या तपासण्या अवश्य करून घ्याव्यात. आईचे सांधे आणि क्षयाचे जंतू यांना जोडणारा दुवा म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, अर्थात टीएनएफ, हे प्रथिन. जंतूची चाहूल लागताच शरीरातील भक्षक पेशी ते सोडतात. त्याची दवंडी ऐकून पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि सूज येते. आमवातात मात्र जंतू नसतानाही दवंडी चालूच राहते, सांध्याचे अस्तर फुगते आणि पुढे हाडही झिजते. लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी १९९२ मध्ये हे प्रथिन अडवणारे औषध आमवाताच्या रुग्णांना देऊन पाहिले, तेव्हा त्यांची सूज आणि वेदना कमी झाल्या. अडालिमुमॅब याच जातकुळीतले औषध आहे.

परंतु हे प्रथिन निव्वळ उपद्रवी नाही. क्षयाचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना रोग होत नाही, कारण पेशी त्यांच्याभोवती कडे करून त्यांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवतात आणि ते कडे टिकवण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. तोच अडवला की कडे ढिले पडते आणि निपचित पडलेले जंतू पुन्हा डोके वर काढतात. इन्फ्लिक्सिमॅब या अशाच औषधानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांचा अहवाल २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४० जणांचा क्षय फुप्फुसाबाहेरही होता. म्हणून खोकला नाही, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही.

छातीचा एक्स-रे आणि रक्ताची किंवा त्वचेवरची चाचणी यांतून सुप्त जंतूंचा अंदाज येतो. घरात पूर्वी कोणाला क्षय झाला असल्यास, एखादे वडीलधारे उपचारांसाठी मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षय आरोग्यधामात राहून आले असल्यास, तेही डॉक्टरांना सांगावे. अशा गोष्टी घरात दबक्या आवाजात बोलल्या जातात आणि नेमक्या दवाखान्यात सांगायच्या राहतात. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी आईचे ताट-वाटी वेगळे करण्याचे कारण नाही, कारण सुप्त जंतूंचा संसर्ग इतरांना होत नाही. अशा वेळी आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू करतात आणि साधारण महिनाभराने इंजेक्शनाचा विचार होतो. इंजेक्शने चालू असताना संध्याकाळचा बारीक ताप, वजनात घट किंवा मानेला गाठ आढळल्यास पुढचा डोस घेण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे.